बारा मीटरचा पतंग: पुणे ते मांद्रे

गुरुवार, खडकवासला

निघायचं शुक्रवारी पहाटे ठरलं होतं, पण त्याआधी दादाला खडकवासल्याचा वारा मोजायचा होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग करण्यात त्याचे निम्मे शनिवार-रविवार जातात, आणि आता त्याच्या डोक्यात काइटबोर्डिंग शिरलंय. कमरेला मोठा पतंग बांधायचा, पायांत फळी अडकवायची आणि वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचं, असा तो खेळ.

मार्चमधली दुपार. चौपाटीवर कणसं, भजी आणि धरणाकडे पाठ करून सेल्फी काढणारी मंडळी. दादा कठड्याशी उभा, हातातला वारामापक डोक्याच्या वर धरलेला. शेजारच्या काकांनी बराच वेळ बघून विचारलं, "नेटवर्क येत नाहीये का?"

वारामापकावर सहा नॉट दिसले, मग अकरा, मग सतरा, मग एकदम तीन. सगळं दोनेक मिनिटांत. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे सतरा नॉट हा काही वादळी वारा नव्हे. खरी गोम त्याच्या चढउतारात असते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सहाचा सतरा झाला की काइटची ओढ तिप्पट होत नाही, आठपट होते. म्हणजे आत्ता तुम्ही पाण्यात बसून त्याला हलवायचा प्रयत्न करताय आणि पुढच्या क्षणी तोच तुम्हाला उचलून काठावरच्या दगडांत नेऊन आपटतोय.

एवढं पाणी दाराशी असताना गोव्याला कशाला जायचं, हा प्रश्न निघायच्या आधी प्रत्येक नातेवाइकाने विचारला होता. त्याचं उत्तर हे. खडकवासल्याच्या चहूबाजूंना डोंगर आहेत. वारा त्यांच्यावरून खाली उतरताना फाटतो, त्याचे भोवरे होतात. त्यातच तापलेल्या माळांवरून गरम हवेचे झोत उठतात. कामशेतला दादा याच झोतांवर तासन्‌तास तरंगतो, काइटच्या मात्र ते मुळावर उठतात. एनडीएचे कॅडेट याच पाण्यात, पीकॉक बेच्या भागात, शिडाच्या होड्या चालवायला शिकतात ही गोष्ट खरी. पण होडीत झोत आला तर दोर ढिला सोडून होडी सावरता येते. काइट वीस-बावीस मीटरच्या दोऱ्यांवर, वेगळ्याच वाऱ्यात उडत असतो आणि खाली होडीच्या जागी माणूस असतो. शिवाय हे पुण्याच्या पिण्याचं पाणी, काठावर पाण्यात उतरू नका असे फलक, आणि पलीकडे लष्कराची हद्द. झोताने उडून तिकडे पोचलात तर पुढचं प्रवासवर्णन भलत्याच ठिकाणाहून लिहावं लागेल.

संध्याकाळी घराजवळच्या मैदानावर सरावाचा छोटा काइट काढला. दोन-अडीच चौरस मीटरचा, दोन दोऱ्यांचा. वहिनीने तो माझ्याआधी हातात घेतला आणि सहज आठाचे आकडे काढायला लागली. क्रिकेट सोडून पोरं गोळा झाली. "काका, मांजा कुठला?" मांजा नव्हे, डायनिमा नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या. त्यांना काच लावलेली नसते. तरीही ताणलेल्या दोरीला बोट लावायचं नाही, हे दादाने पोरांना दोनदा बजावलं. एकाने तरी लावलंच.

शुक्रवार, रस्ता

पहाटे निघून खंबाटकी, सातारा, कराड, मग निपाणीवरून आजरा आणि आंबोली. नेहमीचा रस्ता, त्यावर नव्याने लिहिण्यासारखं काही नाही. डिकीत बारा मीटरचा आणि नऊ मीटरचा काइट, बोर्ड, पंप आणि वहिनीने घेतलेल्या भाकरवड्या. मीटर म्हणजे इथे चौरस मीटर, पण बोलताना कोणी चौरस म्हणत नाही. दादाचं वजन ऐंशीच्या घरात, म्हणून गोव्याच्या मध्यम वाऱ्यात त्याला बारा. माझ्यासारख्या हलक्या माणसाला नऊ. वारा वाढला की काइट लहान घ्यायचा. दुकानात मोठा आकार बघून खूश होणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो.

आंबोलीचा घाट उतरताना कान दडपले, अंगाला घाम फुटला. बांदा, पत्रादेवी, पेडणे आणि अंधार पडता पडता मांद्रे.

शनिवार, मांद्रे

सकाळी सातला किनाऱ्यावर गेलो तर समुद्र तळ्यासारखा. मंद वारा होता, पण पाठीमागून, जमिनीकडून समुद्राकडे. शाळेत भूगोलात पाठ केलेला मतलई वारा, तो हा. दिसायला सगळ्यात शांत आणि काइटसाठी सगळ्यात वाईट. या वाऱ्यात काही बिघडलं तर माणूस किनाऱ्यापासून लांब जात राहतो. पोहून परत यायचं म्हटलं तर वारा समोरून. म्हणून जमिनीकडून वारा असताना सोबत बचावाची बोट नसेल तर पाण्यात उतरायचं नाही, हा जगभरच्या काइटवाल्यांचा नियम आहे.

आमचा शिक्षक वेंगुर्ल्याचा. तिशीच्या आतला, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा. दादा सकाळपासून त्याच्या मागे लागला होता, कधी उतरायचं, कधी उतरायचं. "घाई कित्याक? वारो येतलो," एवढंच तो म्हणाला आणि वाळूत घड्याळ काढायला बसला.

हे घड्याळ म्हणजे काइटचं पहिलं प्रकरण. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. डोक्यावर बारा, डाव्या हाताला नऊ, उजव्या हाताला तीन. समोरच्या या अर्ध्या घुमटात काइट उडतो, त्याच्या बाहेर नाही. बाराला आणि दोन्ही कडांना ओढ कमी, समोर मधोमध आणि खाली ओढ सगळ्यात जास्त. काइट एका जागी ठेवला तर तो नुसता टांगून राहतो, मधल्या भागातून सूर मारायला लावला तर खेचतो. बाकीचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

मग जोडणी. पुढच्या कडेची लांब नळी हवेने भरायची, टिचकी मारल्यावर टण्‌ वाजली पाहिजे. आडव्या नळ्या भरायच्या. काइट उलटा करून, पुढची कड वाऱ्याकडे करून त्यावर वाळू टाकायची, नाहीतर तो एकटाच शेजारच्या आश्वे किनाऱ्याच्या दिशेने चालू लागतो. चार दोऱ्या उलगडून बोटांमधून फिरवत शेवटपर्यंत चालत जायचं, गुंता सोडवायचा. मधल्या दोन दोऱ्या पुढच्या कडेला, त्या वजन पेलतात. बाजूच्या दोन मागच्या टोकांना, त्या दिशा देतात. बारवर, म्हणजे हातात धरायच्या दांड्यावर, लाल रंग डाव्या हाताला. बार अंगाजवळ ओढला की ताकद वाढते, दूर ढकलला की कमी होते. पतंग उडवलेल्या माणसाचा हात नेमका उलटं करतो. घाबरलं की आपण बार छातीशी कवटाळतो, आणि मग काइट जास्तच खेचतो.

सगळ्यात जास्त वेळ शिक्षकाने काइट सोडून देण्यावर घालवला. हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, बार जोडणारी जी कडी असते तिच्यावर एक लाल मूठ असते. ती पुढे ढकलली की बार सुटतो, काइट एकाच दोरीवर लोंबकळतो आणि गळाठून पडतो. तरीही खेचतच राहिला तर त्या उरलेल्या दोरीचीही सुटका वेगळी असते. ते त्याने आमच्याकडून डोळे मिटून करून घेतलं, डाव्या हाताने, उजव्या हाताने, मध्येच ओरडून, गप्पा मारता मारता. वहिनी म्हणाली, "संक्रांतीला मांजा सुटला की रडायचो, आणि इथे त्याचीच परीक्षा."

दुपारी दीडच्या सुमाराला वाऱ्याने कूस बदलली. जमीन तापली, वरची हवा वर गेली, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत यायला लागली. खारा वारा. आधी क्षितिजाजवळ पाणी गडद झालं, मग ती गडद रेघ जवळ सरकली, मग झावळ्या हलल्या. तासाभरात चौदा नॉट, आणि खडकवासल्यासारखे झटके नाहीत, एकसंध. इथे तो वायव्येकडून येतो. समुद्राकडे तोंड केलं तर उजवीकडून, थोडा तिरपा, किनाऱ्याकडे ढकलणारा. शिकणाऱ्याला हवा तसा.

मदतनिसाने काइट कडेला धरला, मी अंगठा वर केला, त्याने सोडला. नऊ मीटरचं ते कापड फडफडत बारावर गेलं आणि एकदम गप्प झालं. हार्नेसने कंबर वर उचलली गेली, टाचांखालची वाळू सरकली. डोक्यावर कोणीतरी मोठं येऊन उभं आहे आणि ते आपल्याकडे लक्ष देऊन आहे, असं काहीसं वाटलं. मला तरी त्यात मजा कमी आणि धाक जास्त होता. उतरवताना दुरूनच डोक्यावर हात थोपटून खूण करायची, कारण वाऱ्यात हाक ऐकू जात नाही.

रविवार, मांद्रे ते आश्वे, बहुतेक चालत

आज बोर्ड नाही. नुसतं अंग पाण्यात आडवं टाकून काइटने ओढत नेणं, त्याला बॉडी ड्रॅग म्हणतात. व्हिडिओंमध्ये हे कोणी दाखवत नाही. छातीएवढ्या पाण्यात काइट एकावरून अकरावर, अकरावरून एकावर डुलवायचा, प्रत्येक डुलण्याला तो शरीर पाण्यातून उपसून पुढे फेकतो. नाकातोंडात खारं पाणी, डोळ्यांत खारं पाणी.

खरा धडा त्यानंतरचा. बोर्ड पायातून निसटला की तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहतो आणि आपण खाली वाहत जातो. तो परत मिळवायचा तर वाऱ्याच्या विरुद्ध, तिरपं तिरपं जावं लागतं. काइट खाली कडेला स्थिर धरायचा, एक हात बारवर, दुसरा पाण्यात लांब खुपसून होडीच्या कण्याचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं. थोडं एका बाजूला, मग वळून दुसऱ्या बाजूला. बोर्डाला दोरी बांधून का ठेवत नाहीत, असं मी विचारलं. शिक्षक म्हणाला, बांधलेला बोर्ड ताणून सुटतो तेव्हा थेट डोक्यात येतो.

वारा वायव्येचा, म्हणून आम्ही प्रत्येक वेळी दक्षिणेला वाहत आश्व्याच्या दिशेने पोचत होतो. मग काइट डोक्यावर स्थिर ठेवून वाळूतून मांद्र्याला परत चालत. खेळाला एक्स्ट्रीम म्हणतात, पण शिकणाऱ्याच्या दिवसाचा हिशेब केला तर पंप मारणं, दोऱ्या सोडवणं आणि चालणं यातच तो संपतो. आणखी दक्षिणेला, मोरजीच्या किनाऱ्यावर, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याने जाळ्या लावून घरटी राखली आहेत. तिकडे काइट न्यायचा नाही, हे शिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. एरवी आमच्याशी तो जेवढा बोलला, त्यापेक्षा जास्त कासवांबद्दल बोलला.

वहिनीला दुपारनंतर जमायला लागलं. तिला जमतंय म्हटल्यावर दादा गप्प झाला.

सोमवार

वारा नाही. दुपारी तीनपर्यंत सात नॉट, चारला आठ, पाचला परत सहा. काइट वाळूवर, आम्ही झावळ्यांखाली. दादा दर दहा मिनिटांनी मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघायचा, जणू बघितल्याने वाढणार होता.

पडल्यापडल्या इतिहास निघाला. या खेळाचं रूप बदललं ते फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांमुळे. हवा भरलेल्या नळ्यांच्या काइटचं पेटंट त्यांनी १९८४ मध्ये घेतलं. त्याआधीचा प्रश्न साधा होता: पाण्यावर पडलेला पतंग परत उठवायचा कसा? कापड भिजतं, चिकटतं, बुडतं. नळीत हवा असली की तो तरंगतो आणि दोरी ओढून वर घेता येतो. एवढी चांगली कल्पना, तरी त्यांचा विपिका काइट बाजारात यायला १९९७ उजाडलं. विंडसर्फिंगची, म्हणजे शिडाच्या फळीची, लाट जोरात असताना या पतंगाकडे कोण बघणार?

नंतर ऑलिंपिक. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइट पहिल्यांदा आला, शर्यती मार्सेयला समुद्रात झाल्या. तिथे फळीखाली लांब पाय आणि त्याला पंख असतो, त्यामुळे फळी पाण्याच्या वर उचलली जाते आणि कमी वाऱ्यातही पळते. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोन्टस, महिलांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांनी सुवर्ण घेतलं. आणि तरीही वारा पडला म्हणून तिथल्या शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. हे ऐकून दादाला जरा बरं वाटलं.

दादाचा दैवत मात्र वेगळा. निक जेकबसन, डेन्मार्कचा, २०१७ मध्ये दुबईच्या बुर्ज अल अरबच्या हेलिपॅडवरून काइट घेऊन उडी मारणारा. दादाने मोबाइलवर ते दाखवलं. शिक्षकाने बघितलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "तो उडी मारूक आधी किती दिवस वाऱ्याची वाट बघत रवलो असतलो, ता व्हिडिओत नाय."

संध्याकाळी खाडीवरच्या बांबूच्या साकवावरून फिरून आलो. सुंगटाची कढी चांगली होती.

मंगळवार

आज सकाळपासून आकाश स्वच्छ, ऊन कडक, म्हणजे जमीन तापणार. बाराच्या आतच झावळ्या हलायला लागल्या आणि दुपारपर्यंत सोळा नॉट.

वॉटर स्टार्ट, म्हणजे पाण्यातून बोर्डावर उभं राहणं. पाण्यात पाठीवर, गुडघे छातीशी, दोन्ही पाय बोर्डाच्या पट्ट्यांत, काइट बारावर. तो दीडच्या काट्याकडे झपकन खाली सोडायचा, ओढ येईल त्या क्षणाला पुढचा पाय सरळ करायचा आणि उठायचं. काइट हळू सोडला तर बूड पाण्यातच राहतं. जोरात सोडला तर माणूस बोर्डावरून उचलून पुढे तोंडावर. हे दोन्ही प्रकार पुन्हा पुन्हा झाले. उभं राहायला बघू नकोस, काइट उभं करेल, असं शिक्षक ओरडत होता. मग एकदा तसंच झालं. बोर्डाखाली पाणी कडक लागलं, टाचांखालून फेस निघाला, किनारा बाजूने सरकायला लागला. कितीसं गेले? एखाद्या गल्लीएवढं. पण त्यात घड्याळ, बार, वारा यांचा विचार नव्हता. काइट कुठे आहे हे न बघता कळत होतं.

दादा तेवढ्यात उड्यांना लागला होता. काइट झटकन बाराच्या मागे न्यायचा, बोर्डाची कड पाण्यात रोवून धरायची, आणि ओढ वर आली की कड सोडून बार आत घ्यायचा. वर गेल्यावर काइट परत पुढे आणला नाही तर उतरणं म्हणजे नुसतं पडणं. तो मीटरभर उडाला असेल. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीन. वहिनीने काढलेल्या व्हिडिओत कोन असा आहे की वाद मिटत नाही.

चारच्या सुमाराला शिक्षकाने एकदम सगळ्यांना डोक्यावर थोपटून खूण केली. उतरवा. मला काही वेगळं दिसत नव्हतं. तो उत्तरेला हरमलच्या अंगाला बघत होता, तिथल्या पाण्यावर पांढरी टोकं उठायला लागली होती. आमचे काइट खाली आले, वाळू पडली. एक पाहुणा, आमच्या गटातला नव्हे, काइट घेऊन शॅकसमोरच उभा होता. दोऱ्यांच्या दुप्पट अंतर मोकळं ठेवायचं हा नियम त्याला माहीत असणारच, कारण सफाईने उडवत होता. वाऱ्याचा जोर आला तसा तो टाचा रोवून मागे झुकला, मग टाचा सुटल्या, मग तो वाळूवरून सुरूच्या झाडांकडे ओढला जायला लागला. सगळे एकच ओरडत होते: सोड, सोड. बार त्याने छातीशी घट्ट धरला होता. शेवटी लाल मूठ ढकलली तेव्हा सुरू दहा पावलांवर होता. काइट फांद्यांत गेला आणि उभा फाटला. माणसाला कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. थरथरत बसला होता, वहिनीने त्याला पाणी आणि शेवटच्या दोन भाकरवड्या दिल्या.

शिक्षकाने त्याला एक शब्द सुनावला नाही. झाडावर चढून दोऱ्या सोडवून दिल्या, आणि मग आम्हाला परत वाळूत उभं करून डोळे मिटून सोडायचा सराव करायला लावला. या वेळी दादाने घाई केली नाही.

बुधवार, परतीचा रस्ता आणि पुणे

त्याच रस्त्याने, आंबोलीत चहा, कोल्हापूरला उशिरा जेवण. गाडीत पुढचे बेत झाले. गोव्यात हा वारा फार तर एप्रिल-मेपर्यंत, पावसाळ्यात समुद्र बंद. रामेश्वरमला उन्हाळी आणि हिवाळी असे दोन मोसम असतात, धनुष्कोडीच्या भूशिरामुळे दोन बाजूंना दोन समुद्र आणि एका बाजूला उथळ सपाट पाणी. दादाने सुट्ट्यांचा हिशेब सुरूही केला. वहिनी म्हणाली, मी एकटी गेले तरी चालेल.

रात्री उशिरा कोथरूडला पोचलो. काइट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा लागतो, नाहीतर मिठाने झडपा, दोऱ्या आणि सुटकेची कडी आतून धरते. ती वेळेवर सुटली नाही तर काय होतं, ते कालच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने पार्किंगमध्ये नळी लावली, बारा मीटरचं कापड पसरलं, आणि सेक्रेटरी खाली आले. मार्च महिना, सोसायटीत एक दिवसाआड टँकर.

"हे काय धुताय?"

"काइट आहे, काका. समुद्रात वापरतात."

"मग समुद्रातच धुवायचा ना."

दादाने नळी बंद केली आणि बादली आणायला वर गेला.